शॉक नाई पायजे मले

"पाय गेला तं जाऊ द्या, पण शॉक नाई पायजे मले."

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या ७६ वर्षांच्या आजी एवढंच बोलल्या आणि पदर सावरून भिंतीकडे बघत बसल्या. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) मुलगा काकुळतीला आलेला. "मॅडम, तुम्हीच समजवा. डॉक्टरांनी शॉक वेव्ह सांगितली तेव्हापासून आई जेवत नाही. तिला वाटते करंट देणार. खरं सांगू का, मलाही भीती वाटते. या वयात झेपेल का तिला?"

जुन्या जखमांच्या ओपीडीत हा प्रश्न मला वारंवार भेटतो.

आजींची जखम मे महिन्यातली. टेकडी गणपतीला भर दुपारी अनवाणी गेल्या. नागपूरचा मे, फरशी तव्यासारखी तापलेली. शुगर वीस वर्षांची, तळवे बधिर, त्यामुळे चटका बसला तरी कळला नाही. संध्याकाळी पायपुसण्यावर ओला डाग दिसला, तेव्हा सुनेने पाय उचलून पाहिला. फोड फुटून जखम झाली आणि नोव्हेंबर आला तरी भरेना. आनंदवनातल्या कुष्ठरोगाच्या कामामुळे आपल्याकडच्या जुन्या लोकांना बधिर पायाची जखम कशी फसवते हे ठाऊक आहे. मधुमेहात कारण वेगळं, पण फसवणूक तीच: दुखत नाही म्हणून माणूस त्याच पायावर चालत राहतो.

मी आधी यंत्र समजावायला बसले. ती माझी चूक झाली. आजी ऐकतच नव्हत्या. शेवटी विचारलं, "आजी, शॉक म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं?"

बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "माह्या भावाले देत होते. डोकं फिरलं होतं त्याचं. चार जन धरत. घरी आला का आमाले वळखे नाई."

मुलगा बघतच राहिला. आपल्याला असा एक मामा होता, हे त्याला पन्नाशीत कळत होतं. "कोनाले सांगतलं नाई मी," आजी म्हणाल्या.

तेव्हा लक्षात आलं की ही भीती पायाची नव्हतीच. आधी भावाबद्दल बोललो. भूल न देता शॉक देण्याचे ते दिवस गेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तसं करायला बंदीच घातली आहे. हे ऐकल्यावर आजींनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

मग यंत्राकडे वळलो. शॉक वेव्हमध्ये शरीरात वीज सोडत नाहीत. ती दाबाची लहर असते, आवाजाच्याच जातीची. मुलाच्या सासऱ्यांचा मूतखडा मशीनवर फोडला होता. त्या उपचाराची सुरुवात १९८० मध्ये म्युनिकला झाली. इथे लहरी त्याच, जोर मात्र बराच कमी. जखमेवर निर्जंतुक आवरण घालतात, सोनोग्राफीसारखं जेल लावतात आणि त्यावरून यंत्राचं टोक फिरवतात. भूल लागत नाही, बैठक काही मिनिटांची असते. या ठोक्यांनी थकलेल्या पेशी जाग्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्या नव्याने फुटायला मदत होते, अशी त्यामागची समजूत. म्हणून 'झेपेल का' याला माझं उत्तर असं, की नुसतं वय आड येत नाही. पण पायात रक्त पोचतं का हे आधी तपासायलाच हवं. पू किंवा मेलेलं मांस असेल तर ते आधी साफ व्हायला हवं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, पेसमेकर, पूर्वीचा कॅन्सर, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता सांगा.

मुलाची आशा मात्र आता फार वर गेली होती. त्याला मी आकडेच सांगितले. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेही पायाच्या जखमेसाठी अशा एका यंत्राला परवानगी दिली. त्यामागच्या दोन अभ्यासांत ३३६ रुग्ण होते. नेहमीचे उपचार सगळ्यांनाच मिळाले. २४ आठवड्यांनंतर लहरी घेतलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांच्या जखमा बंद झाल्या, लहरी न सोडता उपचाराचा नुसता देखावा केलेल्यांत ३० टक्के. म्हणजे फायदा दिसतो, पण लहरी घेऊनही निम्म्याहून अधिक जखमा तेव्हा उघड्याच होत्या. मधुमेही पायावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानेही नेहमीचे चांगले उपचार बाजूला सारून शॉक वेव्ह वापरू नका, असंच सांगितलं आहे. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर येत नसेल तर आपलं काय चुकतंय ते पुन्हा बघायचं, हा साधा हिशेब मी प्रत्येक घराला देते.

आजींच्या घरी चुकत होतं ते जोड्यात. जखमेवरचा भार काढणारी खास चप्पल दिलेली होती, पण ती कपाटात. "घरात चप्पल घालून देवापाशी कशी जाऊ?" या एका वाक्यावर आम्ही तासभर बोललो. अखेर घरात वापरायचा जोड वेगळा ठेवायचा ठरलं, आणि देवघरापाशी खुर्ची आली. सोमवारचा उपासही निघाला. त्या दिवशी साबुदाणा आणि बटाटा, शुगर वर, आणि जखम भरायला लागणारी प्रथिनं जवळजवळ नाहीतच. उपास सोडा म्हणायची माझी हिंमत नव्हती, गरजही नव्हती. दही आणि शेंगदाणे वाढले, साबुदाणा कमी केला.

जखम होळीच्या सुमारास बंद झाली. श्रेय एकट्या लहरींना देणं मला पटत नाही. ती चप्पल आणि सुनेने रोज न चुकता केलेलं ड्रेसिंग मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

पहिल्या बैठकीला मी सोबत होते. यंत्र टकटक करू लागलं तशी आजींनी मुलाचा हात घट्ट धरला. मग पकड सैल झाली. "हे तं सुपारी फोडल्यासारखं वाजते," त्या म्हणाल्या.

मुलाने हळूच विचारलं, "आई, मामाचं नाव काय होतं?"

आजींनी नाव सांगितलं. आणि तो तान्ह्या पोळ्याला आपला लाकडी बैल कसा सजवायचा, ते सांगू लागल्या.