प्रदर्शनाला जाताना ड्रॉइंग सोबत न्या

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. एसजी आयर्नच्या (एक चिवट प्रकारचं ओतीव लोखंड) कास्टिंगचं मशिनिंग करतो. आता व्हीएमसी (धातू कापणारं संगणकचलित उभं मशीन) घ्यायचंय. बंगळुरूच्या ‘इमटेक्स’ या मशीन टूल प्रदर्शनाला मागेही जाऊन आलो, पण कॅटलॉगच्या पिशव्यांपलीकडे हाती काही लागलं नाही. दोन दिवसांत काम कसं साधावं?

उत्तर : आधी वर्ष बघा. विषम वर्षी तिथे मेटल कटिंग असतं, सम वर्षी फॉर्मिंग, म्हणजे प्रेस आणि शीटमेटल. व्हीएमसीसाठी सम वर्षी गेलात तर निम्मी खेप वायाच. नोंदणी घरूनच ऑनलाइन करा. मेट्रो आता मादावरापर्यंत, प्रदर्शनाच्या दारात जाते. तुमकुरू रोडच्या ट्रॅफिकमध्ये सकाळ घालवू नका.

खरी तयारी कागदाची. जास्त चालणारे दोन-तीन जॉब, म्हणजे पार्ट, निवडा. प्रत्येकाच्या ड्रॉइंगवर मटेरियलचा ग्रेड, महिन्याची संख्या, सगळ्यात कडक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि आजचा सायकल टाइम (एका नगाला लागणारा वेळ) लिहा. ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर मात्र झाका. ड्रॉइंग त्याचं आहे, आणि शेजारच्या स्टॉलवर त्याचाच दुसरा सप्लायर उभा असू शकतो. नमुन्याचं एक कास्टिंग जवळ असलं तर उत्तमच.

स्टॉलवर कार्ड देणाऱ्या सेल्सवाल्याऐवजी ॲप्लिकेशन इंजिनिअर कोण, ते विचारा. डेमोला भुलू नका. तिथे बहुतेकदा ॲल्युमिनियम कापतात. चिप्स सपासप उडतात, बघायला झकास. एसजी आयर्नला ते फीड-स्पीड चालत नाहीत. म्हणून ‘आमच्या जॉबचा टाइम स्टडी टूलिंगसकट लेखी द्या’ असं सांगा. कॅटलॉगमध्ये टूल चेंजचा आकडा बऱ्याचदा टूल-टू-टूल, म्हणजे नुसतं टूल बदलण्याचा असतो. तुम्ही चिप-टू-चिप विचारा. एक टूल कापायचं थांबून दुसरं कापायला लागेपर्यंतचा तो वेळ, आणि तो जास्तच असतो. जॉबला सात-आठ टूल लागत असतील तर फरक महिन्याच्या हिशेबात दिसतो.

पुढचे प्रश्न रुक्ष, पण पैसे तिथेच जातात : सर्व्हिस इंजिनिअर कोल्हापुरात बसतो की पुण्याहून येतो? किमतीत फिक्स्चर (जॉब पकडायचं साधन), टूल होल्डर, चिप कन्व्हेयर, स्टॅबिलायझर धरलेत का? कनेक्टेड लोड, म्हणजे विजेचा भार किती? आणि तीन वर्षं मशीन चालवणारा एखादा ग्राहक दाखवाल का? या शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की समजून जा.

पहिल्या दिवशी आठ-दहा स्टॉल पुरे. दुसऱ्या दिवशी त्यातल्या तिघांकडेच परत जा, शक्यतो दार उघडल्यावर पहिल्या तासात. ‘प्रदर्शनातच बुक केलं तर हा भाव’ असं ऐकाल. ॲडव्हान्स न देता तीस दिवसांच्या मुदतीचं कोटेशन मागा.

कार्ड घेतलं की त्याच क्षणी काय बोलणं झालं ते मागे लिहा. गुळगुळीत लॅमिनेटेड कार्डावर बॉलपेन उमटत नाही, अशा वेळी कार्ड ड्रॉइंगवर ठेवून फोटो काढा. परतल्यावर दोन-तीन दिवसांत ई-मेल गेला पाहिजे. त्यांच्याकडे चौकश्यांचा ढीग असतो. जिच्यासोबत ड्रॉइंग आणि संख्या आहे, तीच आधी हातात घेतली जाते.

प्रश्न : पुढच्या खेपेला आपलाच स्टॉल घ्यावा का?

उत्तर : जॉबवर्कसाठी इमटेक्समध्ये? आमच्या मते नको. तिथे मशीन विकत घेणारे येतात, तुमचा ग्राहक तिथे नाही. ऑटो कंपोनंटचं किंवा सप्लायर शोधणाऱ्यांचं प्रदर्शन बघा. घेतलाच, तर शेल स्कीममध्ये भिंती, टेबल-खुर्च्या, दिवे मिळतात. रॉ स्पेसमध्ये नुसती जमीन, बाकी खर्च तुमचा. भाड्याइतकाच खर्च प्रवास, मुक्काम आणि नमुन्यांच्या वाहतुकीवर होऊ शकतो. माणसं किमान दोन हवीत, नाहीतर एकटा जेवायला गेला की स्टॉल ओस.