मोठा पाऊस नाही, वारा नाही, नुसते ढग. तरी फ्लाइंग का थांबवतात?

ताई, तुमचा मुलगा बेळगावच्या सांबरा विमानतळावर पायलट ट्रेनिंगला आहे. जुलैत आठ-आठ दिवस फ्लाइंग बंद राहतं, तो फोनवर चिडतो, आणि निपाणीत बसून तुम्हाला वाटतं की भुरभुर पाऊस तर आहे, मोठी विमानं ये-जा करतायत, मग ह्या पोरांनाच काय झालं? फी तर चालूच आहे. मी वायुसेनेत इन्स्ट्रुमेंट फिटर होतो. कॉकपिटमधली उपकरणं तपासणं, दुरुस्त करणं हीच माझी नोकरी. पायलट नाही, पण तुम्ही विचारलंय ते थेट माझ्या कामातलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मोठ्या विमानाचं. मुंबईहून येणाऱ्या विमानाचे पायलट बाहेर न बघता, फक्त उपकरणांवर विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण आणि रेटिंग, म्हणजे तसा अधिकृत परवाना, घेतलेले असतात. त्यांच्या मार्गावर, उतरण्याच्या पद्धतीवर नियंत्रण असतं, आणि कॉकपिटमध्ये दोघे असतात. तुमचा मुलगा सध्या उडतो ते व्हीएफआरमध्ये, म्हणजे डोळ्यांनी बघून. समोर क्षितिज, खाली रस्ता, तळं, रेल्वे लाइन. म्हणूनच नियम आहे की विमानतळाच्या नियंत्रित हद्दीत ढगांचा तळ 1,500 फुटांच्या खाली असेल किंवा 5 किलोमीटरच्या आत दिसेनासं झालं असेल, तर साध्या व्हीएफआरमध्ये निघायचं नाही. आपल्याकडं रात्री व्हीएफआर एरवी चालत नाही, हवाई नियंत्रकांनी खास सूट दिली तरच. पावसानं विमान भिजेल म्हणून हे नियम केलेले नाहीत. क्षितिज गेलं की माणसाचं शरीरच त्याला फसवतं, म्हणून केलेत.

हे वाचून पटणार नाही, घरी करून बघा. फिरती खुर्ची घ्या, मुलाला डोळे मिटून बसवा, मान स्थिर ठेवायला सांगा आणि सावकाश, एकसारख्या वेगानं फिरवत राहा. पहिल्यांदा तो बरोबर सांगेल, उजवीकडं फिरतोय. साधारण वीस सेकंदांनी म्हणेल, थांबलो. खुर्ची फिरतच असते! आता हळूच थांबवा. तो म्हणेल, डावीकडं फिरायला लागलो. कानाच्या आत अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यातला द्रव वेग बदलला की आपल्याला खबर देतो. एकच वेग टिकला की तो द्रवही त्याच वेगानं फिरायला लागतो आणि खबर बंद होते. आणि फिरणं अगदी सावकाश सुरू झालं, तर खबर मुळातच येत नाही.

आता हेच ढगात. बाहेर सगळं पांढरं. विमान हळूहळू एका पंखावर कलतं, पायलटला कळत नाही. कललेलं विमान वळायला लागतं आणि त्याचं नाक खाली जातं. वेग वाढतो, इंजिनाचा आवाज चढतो, उंची उतरायला लागते. पायलटला वाटतं, मी सरळच आहे, फक्त खाली जातोय. म्हणून तो स्टिक मागं ओढतो. कललेल्या विमानात मागं ओढलं की वळण आणखी आवळतं, वेग आणखी वाढतो. शेवटी एकतर जमीन येते, नाहीतर पंखांवर झेपणार नाही इतका ताण येऊन विमान हवेतच तुटतं. ह्यात वादळ कुठंच नाही. इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत असतं.

1954 साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं हे मोजून बघितलं. उपकरणांवर उडवण्याचा सराव नसलेले 20 पायलट घेतले, शेजारी इन्स्ट्रक्टर बसवला आणि त्यांना बाहेरचं दिसणार नाही अशी सोय केली. विसाच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. 19 जण वर सांगितलेल्या वळणात सापडले, एकानं नाक वर करत करत वेगच घालवला. सरासरी वेळ 178 सेकंद, म्हणजे तीन मिनिटंसुद्धा नाहीत. सगळ्यात लवकर ताबा सुटला तो 20 सेकंदांत. त्या प्रयोगाचा खरा हेतू मात्र चांगला होता: ढगात शिरल्यावर न घाबरता सावकाश मागं वळून बाहेर कसं यायचं, हे अशा पायलटांना शिकवता येतं का ते बघायचं होतं. आणि ते शिकवता आलं.

तुम्ही म्हणाल, उपकरण समोर आहे ना, मग बघत का नाहीत? आर्टिफिशियल होरायझन म्हणून गोल डायल असते. वरचा अर्धा भाग निळा, खालचा तपकिरी, मध्ये पांढरी रेघ आणि पुढं चिमुकल्या विमानाची खूण. जुन्या पद्धतीच्या छोट्या विमानांत त्याच्या आतला जायरो, म्हणजे भोवऱ्यासारखं फिरणारं चाक, बहुधा इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाच्या जोरावर फिरतो. आम्ही ती बेंचवर लावून कलवायचो, किती अंश कलवलं आणि डायल किती दाखवते ते ताडून बघायचो. चांगलं उपकरण खोटं बोलत नाही. पण डायल म्हणते डावीकडं कललायस आणि सगळं अंग ओरडून सांगतं की सरळ आहेस, अशा वेळी डायलवर विश्वास ठेवायला आपोआप जमत नाही. तो तासन्‌तास घोटून घ्यावा लागतो. सोलोला, म्हणजे एकट्यानं विमान घेऊन, जाणाऱ्या पोराचा हा सराव अजून मोजकाच असतो.

आणि घोटलेल्यांनाही निसर्ग सोडत नाही. 26 जानेवारी 2020 ला लॉस एंजेलिसजवळ बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटचं हेलिकॉप्टर पडलं, 9 जण गेले. पायलटकडं इन्स्ट्रुमेंट रेटिंग होतं, पण ते उड्डाण व्हीएफआरचं होतं. ढगात शिरल्यावर तो रेडिओवर सांगत होता की वर चढतोय, आणि हेलिकॉप्टर डावीकडं वळत खाली चाललं होतं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे तमिळनाडूतल्या कुन्नूरचा हेलिकॉप्टर अपघात, 8 डिसेंबर 2021. जनरल बिपिन रावत होते त्यात. चौकशीत निघालं ते हेच: दरीत हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात गेलं, पायलटचं दिशाभान हरपलं आणि चालू स्थितीतलं हेलिकॉप्टर डोंगरावर गेलं. ते वायुसेनेचे कसलेले पायलट होते. आमच्या घरात ती बातमी लागली तेव्हा संध्याकाळी कुणी जेवलं नाही.

आता आपला मुलूख. सांबरा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,500 फुटांवर. पश्चिमेला चंदगड, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असा घाटमाथा, तिथं डोंगर आणखी वर चढतात. कोकणातून आलेली दमट हवा त्या कड्याला धडकून वर चढते, गार होते आणि तिथंच ढग धरतात. बैलहोंगलला ऊन पडलेलं असतं तेव्हा जांबोटीच्या रस्त्यावर दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हणजे सांबऱ्यावरून आकाश ठीक दिसलं तरी पश्चिमेला काही मिनिटांच्या उड्डाणावर जमीन वर येत असते आणि ढग खाली. ढगाखालून आणखी खाली, आणखी खाली जात राहणं हा त्यावर उपाय वाटतो. पण तिथं मोबाइलचे टॉवर आहेत, हाय टेन्शनच्या तारा आहेत, आणि पूर्वेला सौंदत्तीकडं गेलात तर पवनचक्क्या आहेत. आणि मागं वळायला जागा उरत नाही.

एप्रिल-मेचा वळीव निराळा. तो दिसतो, गडगडतो, त्यामुळं सगळे त्याला भितात आणि लांब राहतात. मला जास्त धास्ती ह्या मुक्या, करड्या जुलैची वाटते.

एक गोष्ट यांत्रिकी माणूस म्हणून सांगून ठेवतो. ज्या इंजिनाला कार्ब्युरेटर असतो, त्यात हवा आणि पेट्रोल मिसळताना तापमान एकदम उतरतं. बाहेर वीस-बावीस अंश आणि हवा ओलीचिंब असली तरी आत बर्फ धरू शकतो आणि इंजिनाची ताकद हळूहळू जाते. त्यासाठी कार्ब हीट असते, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी खुंटी, पण ढगाच्या काळजीत असलेला नवखा पोरगा ती ओढायला विसरू शकतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तो तुमच्याशी निगडित आहे. ढगात कुणी मुद्दाम शिरत नाही. पोरगा क्रॉस कंट्रीवरून, म्हणजे लांबच्या उड्डाणावरून, परत येत असतो. समोरचं थोडं अंधुक होतं, पण चालण्यासारखं असतं. पाच मिनिटांनी आणखी थोडं. सांबरा आता जवळच आहे. डोक्यात चालू असतं की तास पूर्ण झाले पाहिजेत, बॅचमधला दुसरा पुढं गेला, बाबांनी कर्ज काढलंय, आई रोज विचारते. परत फिरायचा योग्य क्षण असा ढोल वाजवून येत नाही, त्यामुळं तो निसटतो. समोरचं क्षितिज पुसट व्हायला लागलं, तेव्हाच वळायचं. ठरावीक सौम्य वळणानं विमान सेकंदाला 3 अंश फिरतं, म्हणजे एका मिनिटात तोंड मागं. तेवढं मिनिट हातात असतानाच वळायला हवं. हुबळीला उतरावं, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरला सांगावं, इन्स्ट्रक्टरला फोन करावा. रात्री लाल बसनं बेळगावला आला तरी काय बिघडलं?

म्हणून माझी कळकळीची विनंती. "आज झालं का फ्लाइंग?" असं रोज विचारू नका. त्याला एकदा स्पष्ट सांगा की पैशाचं आम्ही बघतो, अर्ध्यातून परत आलास किंवा भलतीकडं उतरलास तर घरात कुणी एक शब्द बोलणार नाही. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकू दे, इन्स्ट्रक्टरच्या तोंडून ऐकलेलं वेगळं. शाळेला मात्र जरूर विचारा, की सोलोला सोडायचं की नाही हे हवामान बघून कोण ठरवतं, आणि पोरानं स्वतःहून "आज नको" म्हटलं तर त्याच्या नावावर काही लागतं का. ह्या दोन्हींचं उत्तर सरळ मिळालं तर शाळा चांगली समजा.

हे महिने वाया जात नाहीत. हवामानशास्त्राचा पेपर आत्ताच काढून टाकायला सांगा, खिडकीबाहेर सगळा अभ्यास उभा आहे. दसऱ्याच्या सुमारास आकाश उघडायला लागतं, मग थंडीभर तास भराभर होतात. फक्त नोव्हेंबर-डिसेंबरात सकाळी मार्कंडेय नदीच्या बाजूला धुकं धरतं. त्या दिवसांत त्याचा फोन नऊ वाजता आला, "अजून थांबलोय" म्हणाला, तर चहा पिऊन घे म्हणा.