डेबियन १२ वर गेल्यानंतर ग्रबच्या यादीतून विंडोज नाहीसे झाले आहे. ते परत कसे आणावे?

आपण लिहिले आहे की घरच्या संगणकावर डेबियन ११ (लिनक्सची एक प्रणाली) आणि विंडोज १० ही दोन्ही नीट चालत होती, पण डेबियन १२ वर अपग्रेड केल्यापासून ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना कोणती प्रणाली चालवायची ते विचारणाऱ्या कार्यक्रमाच्या, यादीत एकटे डेबियनच दिसते आणि विंडोज पुसले गेले की काय अशी धास्ती वाटते. बहुधा तसे काहीही झालेले नाही. खात्रीसाठी संगणक चालू होताच बूट मेन्यूची कळ दाबा (कंपनीप्रमाणे ती एफ१२, एफ९ किंवा एस्केप असते) आणि तेथे ‘विंडोज बूट मॅनेजर’ निवडा. विंडोज सुरू झाले, तर ते जागच्या जागी आहे आणि ग्रबच्या यादीत तेवढी त्याची नोंद राहिलेली नाही.

याचे कारण असे की ग्रब २.०६ पासून ‘ओएस-प्रोबर’ हा शोधक कार्यक्रम मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये हीच आवृत्ती आहे. दुसऱ्या प्रणाली शोधण्यासाठी तो डिस्कवरचे विभाग माउंट करून (वाचण्यासाठी जोडून घेऊन) पाहतो. त्यात सुरक्षेचा धोका असतो, शिवाय एखाद्या विभागावर आभासी यंत्र (संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक) चालू असेल तर त्याचा डेटा बिघडू शकतो. घरच्या साध्या संगणकावर मात्र तो चालू करायला हरकत नाही.

त्यासाठी ‘ईटीसी’मधील ‘डीफॉल्ट’ या फोल्डरातली ‘ग्रब’ ही फाइल, तिची एक प्रत काढून ठेवून, रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून उघडा. (नावे मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टाइप रोमन लिपीतच करायची आहेत.) तीत ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ अशी ओळ असेल, तर तिच्या आरंभीचे # हे चिन्ह काढा. अपग्रेडच्या वेळी आपण ‘जुनीच फाइल ठेवा’ असे उत्तर दिले असेल, तर ही ओळ तेथे नसेल; ती शेवटी स्वतः लिहावी लागेल, आणि ‘फॉल्स’ सोडून तिची बाकी सर्व अक्षरे कॅपिटल असावी लागतील. ‘बंद करणे: नाही’ म्हणजे ‘चालू’, हा उलटा हिशेब ध्यानात न आल्याने अनेक जण तेथे ‘ट्रू’ लिहून बसतात.

मग ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्या. आधी जेथे ओएस-प्रोबर चालवला जाणार नाही असा इशारा येत होता, तेथे आता ‘फाउंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ दिसली पाहिजे. ‘बूट’ फोल्डरातील ‘ग्रब’मधल्या ‘ग्रब डॉट सीएफजी’ या फाइलला हात लावू नका. मी एकदा तिच्यात विंडोजची नोंद हाताने घातली होती. चार दिवस सुखाने गेले आणि कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) पुढच्याच अपडेटने ती फाइल नव्याने तयार होऊन माझी नोंद गेली. ‘हात लावू नये’ हे तिच्या पहिल्या काही ओळींतच लिहिलेले असते, पण ते मी वाचले नव्हते.

एवढे करूनही ती ओळ आली नाही, तर ओएस-प्रोबरचे पॅकेज मुळात बसवलेले आहे का ते पाहा. तेही असेल, तर ‘सिस’मधील ‘फर्मवेअर’मध्ये ‘ईएफआय’ हे फोल्डर आहे का ते तपासा. ते नसेल, तर डेबियन संगणक सुरू करण्याच्या जुन्या, बायोस पद्धतीने सुरू होत आहे; आणि विंडोज नव्या, यूईएफआय पद्धतीचे असेल, तर एका पद्धतीने सुरू झालेला ग्रब दुसऱ्या पद्धतीच्या विंडोजला चालू करू शकत नाही. अशा वेळी डेबियनसाठी ग्रब यूईएफआय पद्धतीने पुन्हा बसवावा लागतो, आणि तोवर बूट मेन्यूच्या कळीने विंडोज सुरू करत राहण्यास काहीच अडचण नाही.