युद्धकथेतला नायकही घाबरतो, मग शूर आणि भित्रा यांत फरक काय?

तुमचा प्रश्न असा आहे की युद्धावरच्या चांगल्या कादंबऱ्यांत नायकसुद्धा घाबरलेला दाखवतात, मग त्याला शूर का म्हणायचं. ‘शौर्य म्हणजे भीती नसणं नव्हे, भीतीवर मात करणं’ हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. ते खोटं नाही, पण त्याने काही उलगडत नाही. मात करतं कोण? जीव वाचवायची ओढ इतकी जबर असते की तिला हरवायला तितकंच जबर काहीतरी लागतं. ते काय असतं, याचा शोध युद्धावरचं साहित्य पहिल्यापासून घेत आलंय आणि बऱ्याचदा त्याच्या हाती लागलेलं उत्तर फारसं उदात्त नाही. ते उत्तर म्हणजे लाज.

होमरच्या ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्याच्या बाविसाव्या सर्गात ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर वेशीबाहेर एकटा उभा आहे. आईबाप तटावरून आत ये म्हणून विनवतायत. त्याच्या मनात मात्र त्याचा सहकारी पॉलिडॅमस घोळतोय. सैन्य आत घ्या, असा सल्ला या पॉलिडॅमसने आदल्या रात्री दिला होता, हेक्टरने तो धुडकावला आणि माणसं हकनाक मेली. आता आत गेलो तर पहिला टोमणा तोच मारणार! म्हणून हेक्टर बाहेर थांबतो. आणि ग्रीकांचा महावीर अकिलीस समोर आल्यावर? धूम ठोकतो. तटाभोवती तीन फेऱ्या पळतो, मग उलटा फिरून उभा राहतो आणि मारला जातो. होमर यातलं काही झाकत नाही आणि तरी हेक्टर आपल्या नजरेतून उतरत नाही. पुढे अॅरिस्टॉटलने अब्रूपोटी येणाऱ्या शौर्याचं उदाहरण म्हणून नेमकी हीच पॉलिडॅमसची ओळ उचलली. खऱ्या शौर्याच्या अगदी जवळचं, पण तेच नव्हे, असं त्याचं म्हणणं.

गीतेत अर्जुनाचे हातपाय गळतात, तोंडाला कोरड पडते, गांडीव हातातून निसटतं. ती स्वतःच्या मरणाची भीती नाही हे कबूल, पण अंगावर उमटणारी लक्षणं तीच आहेत. त्यावर कृष्ण आत्म्याचं अमरत्व सांगतो, क्षत्रियाचा धर्म सांगतो आणि मग म्हणतो, ‘भयाद्रणादुपरतं मंस्यन्ते त्वां महारथाः’. हे महारथी म्हणतील, भिऊन पळाला. एवढं तत्त्वज्ञान सांगून झाल्यावरही ‘लोक काय म्हणतील’ हा बाण भात्यातून काढावा लागतो, याची मला दर वेळी गंमत वाटते.

‘वेडात मराठे वीर दौडले सात’ आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ असतं. पण कुसुमाग्रजांची ती कविता सुरू कुठून होते ते आठवून बघा. रण सोडून सैन्य पळाल्याच्या वार्तेपासून, आता घरोघरच्या बायकाही लाजतील या बोलापासून. बहलोलखानाला हातातून सोडल्याचा ठपका प्रतापराव गुजरांच्या जिव्हारी लागला होता. 1674 साली नेसरीच्या खिंडीत ते मोजक्या स्वारांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडले. कवितेत भर दिवसा रात्र दिसते ती मरणाच्या विचाराने नव्हे, त्या शब्दांनी. लाजेने सगळी जागा व्यापल्यावर भीतीला शिरायला फटच उरत नाही.

इथवर आपण या लाजेला मुजरा करत आलो. टिम ओब्रायन या अमेरिकन लेखकाने ती उलटी करून दाखवली. त्याच्या ‘द थिंग्ज दे कॅरीड’ (1990) या पुस्तकातला निवेदक त्याच्याच नावाचा आहे. 1968 च्या उन्हाळ्यात त्याला व्हिएतनामसाठी सक्तीच्या भरतीचा कागद येतो. हे युद्ध चूक आहे असं त्याचं ठाम मत. तो घर सोडून कॅनडाच्या हद्दीवरच्या नदीपाशी जातो. एक म्हातारा त्याला होडीतून मासेमारीला म्हणून नेतो आणि पलीकडचा काठ हाकेच्या अंतरावर असताना होडी थांबवतो, काही न बोलता गळ टाकून बसतो. उडी मारली की सुटका. पण गावातले सगळे लोक डोळ्यांसमोर येतात, हसणारे, हिणवणारे. त्याला उडी मारवत नाही, तो ढसाढसा रडतो. त्याचा स्वतःबद्दलचा निवाडा असा की मी भित्रा होतो, मी युद्धावर गेलो. हेक्टरला वेशीबाहेर थांबवणारी गोष्ट हीच होती. ओब्रायन फक्त तिला शौर्य म्हणायला तयार नाही.

बरं, ही मात्रा सगळ्यांना लागूही पडत नाही. महाभारताच्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर घ्या. अंतःपुरात बायकांपुढे फुशारक्या, आणि कौरवांची सेना दिसताच अंगावर काटा. तो सरळ सांगतो की गाई नेल्या तर नेऊ देत, बायका हसल्या तर हसू देत, मी चाललो. आणि रथातून उडी टाकून पळतो! त्याने लाज आधीच मोजून बाजूला टाकलीय. बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन मागे धावून त्याचे केस धरतो. धीराचे चार शब्द बोलतो, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला काम देतो. लढवत नसेल तर लढू नकोस, घोडे हाक. आणि हाच उत्तर त्या घनघोर युद्धात शेवटपर्यंत सारथ्य करतो. कीचकवधाच्या नाट्यापुढे या प्रसंगाकडे केवळ विनोद म्हणून बघतात, हे माझ्या मते अन्यायाचं आहे.

हाच धागा टॉल्स्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मध्ये भरपूर ताणून बघायला मिळतो. टॉल्स्टॉय स्वतः तोफखान्याचा अधिकारी होता, क्रिमियन युद्धात सेवास्तोपोलच्या वेढ्यात होता. त्याचा कॅप्टन तूशिन पहिल्यांदा दिसतो तो दुकानदाराच्या तंबूत, बूट वाळत घातलेले आणि पायांत नुसते मोजे. वरिष्ठ झापतात, हा ओशाळून हसतो. लढाईआधीच्या गप्पांत तोच कबूल करतो की पुढे काय आहे हे माहीत नसतं, म्हणून माणूस भितोच.

मग फ्रेंचांशी झालेल्या 1805 च्या शोन्ग्राबर्नच्या लढाईत त्याच्या चार तोफा मधोमध विसरल्या जातात. संरक्षणाला ठेवलेली तुकडी कधीच निघून गेलेली. बुटका तूशिन तोंडात चिलीम धरून या तोफेकडून त्या तोफेकडे पळतोय आणि हळूहळू एका विचित्र खेळात शिरतोय. शत्रूच्या तोफा म्हणजे कुणा अदृश्य माणसाने ओढलेल्या चिलमी, धूर आला की म्हणायचं, घे, पुन्हा झुरका मारला. स्वतःच्या एका जुन्या तोफेला त्याने नाव ठेवलंय मात्वेव्हना. आपण मोठा राक्षस आहोत आणि दोन्ही हातांनी गोळे फेकतोय असंही त्याला वाटतं. मरणाचा विचार फिरकायलाच त्याच्याकडे वेळ नाही. इथे कुणी कुणावर मात केलेली नाही. माणूस कामात बुडालाय, बस्स.

आणि संध्याकाळी? दोन तोफा मागे का राहिल्या, असं सेनापती बाग्रातिओन विचारतो आणि तूशिनची बोबडी वळते. संरक्षणाला कुणी नव्हतं एवढं सांगितलं तरी पुरे, पण त्याने दुसरा कुणी अधिकारी अडचणीत येईल म्हणून तो गप्प. डोळ्यांत पाणी यायचं बाकी. कादंबरीच्या नायकांपैकी एक, प्रिन्स आंद्रेई, मध्ये पडून सांगतो की आजचं यश याच तोफांमुळे. तोच माणूस, तोच दिवस. शूर की भित्रा अशी चिठ्ठी एकदाची चिकटवून टाकणं टॉल्स्टॉयला मान्यच नाही.

त्याच लढाईत तरुण रोस्तोव्ह घोड्यावरून पडतो. धावत येणाऱ्या फ्रेंचांकडे बघून त्याला प्रश्न पडतो, हे मला मारायला येतायत? सगळ्यांचा लाडका असलेल्या मला? तो पिस्तूल झाडतही नाही, सरळ फेकून मारतो आणि झुडपांकडे पळतो. पुढे मित्रांना सांगताना मात्र त्याच्याही नकळत या पळण्याची झोकदार हल्ल्याची गोष्ट होते. लाजेचा हा दुसरा हप्ता. युद्धाच्या निम्म्या शौर्यकथा अशाच तयार होत असाव्यात असा माझा संशय आहे.

एक भीती मात्र या हिशोबात धरूच नये, ती शरीराची. रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’मध्ये (1929) पहिल्याच भडिमारात एका नवख्या पोराची विजार खराब होते. निवेदक पाउल त्याला हसत नाही. तुझ्याआधी बऱ्याच जणांचं असं झालंय, जा, झुडपामागे चड्डी टाकून ये, एवढंच म्हणतो. पहिल्या महायुद्धात प्रत्यक्षात बरंच वेगळं चाललं होतं. पळून जाणं आणि भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या 306 सैनिकांना त्यांच्याच बाजूने गोळ्या घातल्या. त्यांना माफी मिळायला 2006 साल उजाडलं.

‘वॉर अँड पीस’च्या जाडीचा धसका घेऊ नका. पहिल्या खंडाचा दुसरा भाग तेवढा वाचा, तूशिन आणि रोस्तोव्ह दोघेही त्यातच आहेत. रोस्तोव्हची फुशारकी लगेच पुढच्या भागात येते. त्यानंतर विराटपर्वातलं उत्तर-गोग्रहण, म्हणजे कौरव गाई नेतात तो प्रसंग, काढा, तेही संक्षिप्त आवृत्तीतलं नको, तिथे उत्तराचं पळणं दोन ओळींत उरकलेलं असतं.