किती न्यूटन म्हणजे एक वॅट?

प्रश्न : भार वर उचलणाऱ्या एका मोटारीवर ‘५०० वॅट’ असे छापलेले आहे. ती किती न्यूटन बल लावू शकेल हे मला काढायचे होते, पण वॅटचे न्यूटन करण्याचे कोष्टक कुठेच सापडले नाही. शिवाय बलाला सेकंदांनी गुणले की संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मिळतो आणि मीटरने गुणले की ऊर्जा, असे वाचले. बल एकच असताना हे दोन हिशेब कसे? आणि नट आवळण्याच्या पान्यावरचा न्यूटन-मीटर म्हणजे ज्यूलच का?

उत्तर : कोष्टक सापडले नाही, कारण ते असूच शकत नाही. इंचांचे सेंटिमीटर होतात, कारण दोन्ही एकके लांबीच मोजतात. न्यूटन बल मोजतो, वॅट शक्ती मोजतो, आणि या दोहोंना जोडायला वेग लागतो. एक न्यूटन बलाने वस्तू त्या बलाच्याच दिशेने एक मीटर सरकली, की एक ज्यूल कार्य होते. असे सेकंदाला एक ज्यूल कार्य होत असेल, तर ती शक्ती एक वॅट. म्हणजेच वॅट हा न्यूटन गुणिले मीटर प्रतिसेकंद. तुमची मोटार भार सेकंदाला १ मीटर या वेगाने वर नेत असेल, तर घर्षणात वाया जाणारा भाग सोडता ती ५०० न्यूटन बल लावेल, म्हणजे सुमारे ५१ किलोग्रॅम वस्तुमान उचलेल. मध्ये दातेरी चाके घालून वेग एक दशांश केला, तर तीच मोटार ५,००० न्यूटन बल लावेल. आणि भार नुसता अधांतरी टांगलेला असेल, तर बल कितीही असो, भारावर होणारे कार्य शून्य आणि वॅटही शून्य. भिंतीतला खिळा वर्षानुवर्षे ओझे पेलतो, त्याला इंधन लागत नाही. आपला हात मात्र दमतो, कारण स्नायू ताणलेला ठेवण्यासाठी त्यातले तंतू सतत काम करत असतात. तो खर्च शरीराचा आहे, ओझ्याला त्यातले काही मिळत नाही.

तुमचा दुसरा प्रश्न अधिक मोलाचा आहे. घर्षण नसलेल्या पृष्ठभागावर १ किलोग्रॅमची आणि ४ किलोग्रॅमची अशा दोन वस्तू स्थिर आहेत असे समजा, आणि दोन्हींवर ६ न्यूटन बल २ सेकंद लावा. दोन्हींना १२ न्यूटन-सेकंद एवढाच संवेग मिळेल. पण हलक्या वस्तूचा वेग सेकंदाला १२ मीटर होईल, जड वस्तूचा केवळ ३ मीटर. त्या २ सेकंदांत हलकी वस्तू १२ मीटर गेलेली असेल आणि जड ३ मीटर. म्हणून बलाने पहिलीला ७२ ज्यूल दिले, दुसरीला फक्त १८. घड्याळाने मोजले तर दोघी सारख्या, मोजपट्टीने मोजले तर चौपट फरक. बल किती वेळ लागले याचा हिशेब संवेगात उतरतो आणि किती अंतरभर लागले याचा ऊर्जेत. म्हणूनच न्यूटन हा ‘दर सेकंदाला मिळणारा संवेग’ही आहे आणि ‘दर मीटरला मिळणारे ज्यूल’ही.

यात गोंधळलेले तुम्ही पहिले नाही. गतीचे खरे माप वस्तुमान गुणिले वेग, म्हणजे संवेगच, असे फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याचे अनुयायी मानत. १६८६ साली जर्मन तत्त्वज्ञ व गणिती लाइबनिट्झ याने त्याला हरकत घेऊन वेगाच्या वर्गाची बाजू मांडली, आणि वाद पुढे कित्येक दशके चालला. हॉलंडमधील भौतिकशास्त्रज्ञ ग्रावेसांडे याने पितळी गोळे मऊ चिकणमातीवर टाकून पाहिले, तेव्हा दुप्पट वेगाने पडलेला गोळा चौपट खोल रुतला. माती जवळजवळ सारख्याच बलाने अडवते असे धरले, तर खोली ऊर्जेचा हिशेब सांगते. थांबायला लागणारा वेळ मात्र दुपटीनेच वाढतो, आणि तो संवेगाचा हिशेब. त्या काळी असा इवलासा वेळ मोजता आला असता, तर दोन्ही पक्षांना आपापला पुरावा एकाच मातीत सापडला असता, असे मला वाटते. ‘न्यूटन’ हे नाव वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने १९४८ साली स्वीकारले. संवेगाच्या एककाला मात्र आजही स्वतःचे नाव नाही, त्याला न्यूटन-सेकंद किंवा किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद असेच म्हणावे लागते.

आता पाना. कार्यातला मीटर बलाच्या दिशेने कापलेला असतो, तर पान्यातला मीटर बलाला काटकोनात असलेली दांड्याची लांबी असते. त्यामुळे गुणाकाराचे एकक सारखे दिसले तरी बल-आघूर्णाला, म्हणजे बलाच्या फिरवण्याच्या जोराला, ज्यूल म्हणत नाहीत. त्याचे ज्यूल करायचे तर नट किती कोनातून फिरला हे रेडियन या कोनाच्या एककात हवे : ४० न्यूटन-मीटर कायम ठेवून पाव फेरा, म्हणजे सुमारे १.५७ रेडियन फिरवले, तर जवळपास ६३ ज्यूल खर्च झाले. नट गंजून जागचा हललाच नाही, तर पान्यावर ४० न्यूटन-मीटर दिसत राहतील, आणि नटावर झालेले कार्य शून्य ज्यूल असेल.