८८ अंश की ९२?

प्रश्न: उद्यमबागेत आमचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या वाळूच्या साच्यासाठी लागणाऱ्या नमुन्यांचं काम चालतं. गिऱ्हाइकाची स्टेप फाइल (थ्रीडी मॉडेलची फाइल) व्ह्यूअरमध्ये उघडून उभ्या बाजूचा ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून दिलेला उतार) मोजला, तर एकदा ८८ अंश आले, एकदा ९२. ड्रॉइंगवर २ अंश आहे. कोणता धरायचा?
— एक पॅटर्नमेकर, बेळगाव

उत्तर: दोन्ही आकडे बरोबर आहेत. दोन सपाट पृष्ठं छेदली की १८० बेरजेची कोनांची जोडी होते. व्ह्यूअर त्यातला एक दाखवतो. तुम्ही पार्टिंगच्या (साच्याचे दोन भाग जुळतात त्या) पृष्ठापासून मोजलंत, म्हणून ९० पासूनचा फरक म्हणजे ड्राफ्ट: २ अंश.

पण बाजू आत कललीय की बाहेर, हे या आकड्यावरून कळत नाही, आणि तुमचं काम तर त्यावरच अवलंबून. ड्राफ्ट उलटा राहिला तर पॅटर्न उचलताना वाळू फुटणारच. म्हणून पार्टिंगजवळची आणि टोकाची, अशा दोन्ही रुंदी मोजा. उंची ८० मिमी असेल तर २ अंशांना एका बाजूला २.७९ मिमी फरक पडतो, दोन्ही बाजूंना मिळून ५.५९. पार्टिंगजवळ रुंदी जास्त असली तरच ड्राफ्ट सुलटा.

गोल बॉस (उंचवटा) असेल तर सेक्शन, म्हणजे मॉडेलचा छेद, अक्षातूनच घ्या. अक्ष सोडून समांतर कापलंत तर कड वाकडी येते आणि कोन कशाचा घ्यायचा तेच कळत नाही. अक्षातल्या सेक्शनमध्ये समोरासमोरच्या कडांत ४ अंश दिसतील. तो पूर्ण टेपर. ड्राफ्ट त्याच्या निम्मा. इथे घोटाळा फार होतो. व्ही-खाचेचा सेक्शनही खाचेला काटकोनातच हवा: तो २० अंश तिरका गेला तर ६० अंशांची खाच ६३.१ दिसते.

शिवाय दशांश नीट वाचा. २.३० अंश म्हणजे २ अंश १८ मिनिटं, अडीच अंश नव्हे. १०० मिमीच्या साइन बारखाली (कोन अचूक लावायची पट्टी) २.३० अंशांना ४.०१ मिमीचे स्लिप गेज (ठरावीक जाडीचे ठोकळे) लागतात, अडीच अंशांना ४.३६.

प्रश्न: मॉडेलच्या चित्राची प्रिंट काढून तिच्यावर कोनमापक ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर: नाही. आयसोमेट्रिक दृश्यात (तीन बाजू एकदम दाखवणाऱ्या तिरक्या चित्रात) घनाचा काटकोन १२० किंवा ६० अंशांचा दिसतो. व्ह्यूअरमध्येच कोपऱ्याच्या दोन सरळ कडा निवडून मोजा. कोपरा गोल केलेला असेल तर त्या गोलाईवर क्लिक करू नका, तिच्या पलीकडच्या सरळ कडा घ्या. ई-ड्रॉइंग्ज या व्ह्यूअरच्या फाइलमध्ये मोजण्याची सोय बंद दिसली, तर पाठवणाऱ्याने तशी परवानगी दिलेली नसते. मोजण्याची सोय सुरू ठेवलेली फाइल त्याच्याकडून पुन्हा मागवा.