कादंबरीचं पहिलंच चित्रपट-रूपांतर करतोयस म्हणून

कादंबरी तीनदा वाच, मग मिटून ठेव आणि आठवतील तेवढेच प्रसंग कागदावर उतरव. तुझा पटकथेचा सांगाडा त्यातूनच निघेल.

सगळ्यात अवघड असतो निवेदकाचा आवाज. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तरुण मास्तर स्वतः सांगतो. पुस्तकात त्याचं एकटेपण एका वाक्यात येतं, पडद्यावर मात्र ते माळावरून, रिकाम्या शाळेतून दिसावं लागतं. अमोल पालेकरांचा त्यावरचा १९९५ चा चित्रपट पुस्तक मांडीवर घेऊन बघच. मी तसाच शिकलो. पार्श्वनिवेदनाचा, म्हणजे दृश्यावर निवेदकाचा आवाज ऐकवण्याचा, मोह फार होतो, पण पहिल्या खर्ड्यात ते अजिबात वापरू नकोस.

आणि हो, हक्कांचा लेखी करार आधी कर. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो, त्यामुळे वारसांना भेटावंच लागतं.